विमानं मळवणारा माणूस

माझी त्यांची ओळख माझ्या वहाणांमुळे झाली. सोलापूरच्या एका गिरणीच्या कचेरीत कारकून म्हणून लागून मला चार दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत बाहेर आलो, तर काळी टोपी, लांब कोट आणि स्वच्छ धोतर अशा वेशातले एक गृहस्थ दाराशी उकिडवे बसून माझी डावी वहाण भिंगातून पाहत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो तरी ते उठले नाहीत.

"ही तुमची काय?"

"हो."

"डावीची टाच बाहेरून झिजलीय, उजवीची नाही. एका खांद्यावरून पुष्कळ पाणी वाहिलंय तुम्ही."

अकलूजला मामांकडे शिकायला होतो तेव्हा सहा वर्षं मी विहिरीवरून पाणी भरत होतो. चालताना तेव्हापासून एका बाजूला कलतो, हे मला माहीत नव्हतं. मी पाण्याचं कबूल केलं. त्यांनी मान हलवली, वहाण होती तशी जागेवर ठेवली आणि भिंग खिशात टाकून निघून गेले. माझं नाव विचारलं नाही आणि स्वतःचं सांगितलं नाही.

ते आमच्या नकाशा खात्यात होते. साडीचा काठ मागावर चढण्याआधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काढावा लागतो, ते त्यांचं काम. कोयरी असो, रुईफूल असो, त्यांच्या कागदावर एक घर इकडचं तिकडं झालेलं कुणाला आठवत नव्हतं. सगळी गिरणी त्यांना 'नकाशेवाले' म्हणायची. गाव अक्कलकोटकडचं, घरची भाषा कानडी. मराठी स्वच्छ बोलायचे, पण एखादी गोष्ट मनाविरुद्ध गेली की तोंडातून 'इल्ला' निघायचं, आणि तो नकार मग साक्षात मॅनेजरसाहेब आले तरी फिरायचा नाही. लग्न केलेलं नव्हतं. विधवा थोरली बहीण घर सांभाळायची. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणायचो.

हा १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांतला काळ. आकाशात विमान दिसलं की बायका कणकेचे हात घेऊन अंगणात यायच्या. नकाशेवाल्यांनी तेव्हाच विमानं करायला घेतली होती. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद, एवढ्यावर त्यांचं काम चालायचं. खऱ्या विमानाच्या एका फुटाला यांचा अर्धा इंच. त्या काळी विमानाचे पंख कापडाचे असत, आणि कापडगिरणीतल्या माणसाला याचा केवढा अभिमान वाटायचा.

पहिलं विमान त्यांनी खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेत मांडलं होतं. रुपेरी रंग, लखलखीत. मॅनेजरसाहेबांनी पाठ थोपटली. मागून एक जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कौतुकानं म्हणाला, "खेळणं झकास झालंय की." त्या 'खेळणं' शब्दानं त्यांची झोप गेली. विमान घरी नेऊन त्यांनी खिडकीत ठेवलं आणि आठ दिवस नुसते त्याच्याकडे बघत बसले. नवव्या दिवशी कचेरीत माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "चाकं."

"काय झालं चाकांना?"

"वजन नाही त्यांच्यावर. एवढं धूड उभं आहे आणि चाकं गोलच्या गोल. खरं रबर दबतं की."

त्यांनी चारी बाजूंनी गोल असलेली ती चाकं खालून कानसेनं जराशी घासली. तांदळाच्या दाण्याएवढीही नाही. दुसऱ्या दिवशी मला घरी बोलावून विमान दाखवलं, आणि काय सांगू, ते विमान जमिनीवर बसलं होतं. आदल्या दिवशीपर्यंत ते नुसतं ठेवलेलं होतं.

मग त्यांचा रंगाशी झगडा सुरू झाला. डब्यातला रंग जसाच्या तसा लावला की खोटा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. लांबचा डोंगर फिका दिसतो. एवढंसं विमान म्हणजे लांबून पाहिलेलं विमान. मग त्याचा रंगही लांबचाच हवा. प्रत्येक रंगात ते थेंब थेंब करडा मिसळत. विमानाच्या धुराच्या नळीमागे समईची काजळी बोटानं ओढत, आणि ती मागच्याच दिशेला, कारण वारा मागं जातो. इंजिनाखाली जवसाच्या तेलात भुरा रंग कालवून ओघळ काढत. साखर पेठेतल्या एका तेलुगू विणकराकडे जाऊन त्यांनी पंखासाठी हवं तेवढं बारीक कापड मागितलं. तो हसून म्हणाला, "इतकं बारीक माणूस विणत नाही साहेब, कोळी विणतो." तेव्हा कुठे ते पतंगाच्या कागदावर आले.

पंखांमधल्या ताणाच्या तारांसाठी त्यांना घोड्याच्या शेपटीचे केस लागत. टांगेवाला महबूबभाई पहिल्यांदा बिथरला होता.

"क्या करते जी इसका? कुछ टोना-बिना तो नै?"

"विमानाला तार करतो."

"मेरे घोडे के बाल से विमान उडता?"

"उडत नाही. उभं राहतं."

महबूबभाईला हे उत्तर का पटलं कोण जाणे, पण त्यानंतर तो गळालेले केस सुतळीनं बांधून आपण होऊन आणून द्यायचा.

अक्कांची तक्रार धुळीबद्दल होती. घरात फडताळाचा एक कप्पा भरून तपकिरीच्या डब्या होत्या, आणि प्रत्येक डबीवर चिठ्ठी. कुंभारी. अकलूज. नातेपुते. विमानांना माखायला मलमलीतून गाळलेली त्या त्या ठिकाणची धूळ. मी सुट्टीत अकलूजला निघालो की मला रिकामी डबी मिळायची. "कालव्याखालची काळी माती आण, रस्त्यावरची पांढरी नको." अक्का दारात उभ्या राहून म्हणायच्या, "लोकांचे भाऊ गावाहून पेढे आणतात. मी जन्मभर केर काढते आणि हा विकत घेतल्यासारखा घरात आणतो."

कुंभारीची डबी कशी भरली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका हिवाळ्यात तिथल्या ज्वारीच्या काढलेल्या रानात एक विमान उतरलं. पेट्रोल संपलं होतं म्हणे. बातमी गिरणीत आली तशी निम्मी गिरणी सायकलींवरून निघाली. आम्ही पोचलो तेव्हा गावकऱ्यांनी विमानाभोवती कडं केलं होतं. एक म्हातारा पंख चाचपून शेजाऱ्याला सांगत होता, "आरं, कापडाचं हाय की ह्ये."

"व्हय? मग आपल्याच गिरणीतलं आसंल."

"लई हलकं हाय. वाऱ्यानं जाईल हितनं."

गोरा वैमानिक एका बाजूला सिगारेट ओढत उभा होता. जो तो त्याला किती उंच जातं, किती वेगानं जातं, हे खुणांनी विचारत होता. नकाशेवाल्यांनी मला पुढं ढकललं. "इंग्रजीत विचारा. चढताना कुठला पाय आधी टाकता?"

मी लाजत विचारलं. वैमानिकाला आधी समजेना. मग तो पंखाच्या मुळाशी गेला, पाय टाकून पाहिला आणि म्हणाला, डावा. नकाशेवाले तिथं वाकले. त्या जागी रंग उडून खालचं लाकूड दिसत होतं, आणि बाजूला हाताचा काळसर डाग होता. त्यांनी वहीत त्याचं चित्र काढलं. मग शेपटीकडचा चिखल, पुढच्या काचेवरचे मेलेले किडे, कापड शिवलेल्या जागा. दोन तास. वैमानिक मला म्हणाला की या देशात त्याला इतका नीट प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी ते भाषांतर करून सांगितलं. नकाशेवाले म्हणाले, "त्याला सांगा, जिथं माणसाचा हात लागतो तिथंच वस्तू खरी होते. बाकीची नुसती कारखान्यातली."

माझं इंग्रजी तेवढं नव्हतं. मी थँक्यू म्हणून मोकळा झालो.

पुढं काही वर्षांनी मी सोलापूर सोडलं. नकाशेवाले निवृत्त होऊन अक्कलकोटकडे गेले आणि तिथंच वारले. अक्कांचं तसं कार्ड आलं होतं. पण नकाशेवाल्यांची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांसमोर येतं ते मी सोलापुरात एका डॉक्टरांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो तेव्हाचं.

डॉक्टरांचा एकुलता एक मुलगा मुंबईला डॉक्टरकीच शिकायला गेला होता. दुसऱ्या वर्षी त्यानं ते सोडलं आणि विमान चालवायला शिकू लागला. डॉक्टरांनी आधी आरडाओरडा केला आणि नंतर मान्य केलं. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, आरडाओरडा केला नाही आणि मान्यही केलं नाही. त्यांनी मुलाला एक पत्र लिहिलं, त्यात म्हटलं होतं की मी जमिनीवर चालणाऱ्या मुलाची आई आहे, वर उडणाऱ्याची नाही. त्यानंतर त्याची पत्रं येत ती त्या न उघडता फडताळात ठेवत. अकरा महिने हे चाललं होतं. घरात त्याचं नाव निघत नसे. त्याच्या आवडीची शेंगाचटणी त्या करत आणि स्वतः खात नसत.

डॉक्टर एका संध्याकाळी माडीवर आले. म्हणाले, "तुमचे ते नकाशेवाले विमानं करतात ना? आमच्या मुलाचं एक करून द्या म्हणावं. ही समजते की तो पतंगाला लोंबकळून उडतो. काय असतं ते तिला एकदा दिसू दे. चांगलं भक्कम करा, कोरं करकरीत."

मुलानं विमानासमोर उभं राहून काढलेला फोटो त्यांनी दिला. नकाशेवाल्यांनी तो भिंगाखाली धरला आणि परत केला. "फोटोत मळ दिसत नाही. मुलाचा पत्ता द्या."

त्यांनी मुलाला सरळ प्रश्नांची यादी पाठवली. कुठल्या बाजूनं चढता? उभं असताना तेल कुठं टिपकतं? कापड कुठं सैल पडलंय? कधी काही फाटलं होतं का? आठ दिवसांत उत्तर आलं, सात पानी. मग दुसरी यादी गेली. वर्षभर घरातून त्याला विमानाबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नव्हतं, आणि आता एक अनोळखी माणूस विचारत होता की तुझा कोपर कुठं टेकतो. तो मुलगा भरभरून लिहायचा. जेवणाच्या सुट्टीत नकाशेवाले ती पत्रं मला वाचून दाखवत, पण मधले मजकूर गाळून. "हे कामाचं नाही," म्हणत आणि पुढची ओळ धरत.

तीन महिन्यांनी विमान झालं. महबूबभाईनं त्यांना डॉक्टरांच्या दारापर्यंत इतक्या हळू आणलं की दिवस भरत आलेल्या लेकीला माहेरी आणताहेत असं वाटावं. बैठकीत तिवईवर त्यांनी ते ठेवलं आणि वरचं धोतराचं फडकं काढलं. सव्वा फुटाचं दुपंखी विमान. चाकं दबलेली, पोटाखाली तेलाचा ओघळ, चढायच्या जागी रंग उडालेला, आणि डाव्या खालच्या पंखावर बोटाच्या पेराएवढं ठिगळ, बाकीच्या रुपेरी रंगापेक्षा किंचित नवं.

डॉक्टरांनी तिवईभोवती एक फेरी मारली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "अहो, हे वापरलेलं दिसतंय."

"वापरलेलंच आहे."

"आणि हे ठिगळ?"

"उतरताना दगड उडाला होता."

"तेवढं रंगवून टाका. ती आत आहे, येईल आता. हिला धीर यावा म्हणून हे सगळं, आणि तुम्ही फाटलेला पंख दाखवता?"

"इल्ला."

"अहो, पण..."

"ठिगळ काढलं तर हे तुमच्या मुलाचं राहत नाही डॉक्टर. कुणाचंही होतं. मग बाजारातून खेळणं आणा की."

एवढ्यात काकू पदराला हात पुसत दारात आल्या. डॉक्टर खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिले. काकू तिवईजवळ आल्या, वाकल्या. आधी सगळं विमान पाहिलं. मग त्यांचं बोट पंखाशी आलं.

"हे फाटलंय."

नकाशेवाले बायकांशी बोलत नसत. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "फाटलं होतं. शिवलंय. तुमच्या मुलानं."

"त्याला सदऱ्याचं बटण लावता येत नाही."

नकाशेवाल्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "वाचा. तिसरं पान."

मी वाचलं. अजूनही ते पान मला बरंचसं पाठ आहे. "ठिगळ मीच शिवलं. इथला मिस्त्री आधी हसला, मग टाका बघून कुठं शिकलास म्हणाला. लहानपणी विषमज्वरात मी दोन महिने अंथरुणावर होतो. आई शेजारी बसून दुपटी शिवायची. ती दर चौथ्या टाक्याला गाठ मारते, म्हणजे एक तुटला तरी पुढचे उसवत नाहीत. मी तसंच केलं. मिस्त्री म्हणतो, आता पंखाची तीच जागा सगळ्यांत घट्ट आहे. मी रोज उडण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवतो."

या पत्रातलं 'चौथ्या टाक्याला गाठ' एवढंच मी पूर्वी ऐकलं होतं.

काकूंनी हात पुढे केला. "ते भिंग द्या."

नकाशेवाल्यांनी भिंग दिलं. काकू तिवईसमोर खाली बसल्या आणि ठिगळाच्या कडेनं सुईच्या टोकानं काढलेले टाके मोजू लागल्या. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, आणि गाठ. पुन्हा एक, दोन, तीन, गाठ. चारी बाजू मोजून झाल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"अशी पत्रं किती आहेत तुमच्याकडे?"

"चौदा."

"मला द्या."

नकाशेवाले अस्वस्थ झाले. "ती कामाची आहेत."

"माझ्याही कामाचीच आहेत," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नकाशेवाल्यांनी चौदाही पत्रं क्रमानं लावून, दोऱ्यानं बांधून आणून दिली. काकू दोन दुपारी ती वाचत होत्या. तिसऱ्या दुपारी त्यांनी फडताळ उघडलं आणि स्वतःच्या नावची पत्रं काढली. त्यांनी उत्तर काय लिहिलं ते डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. एकच ओळ होती. गाठ तिसऱ्या टाक्याला मारत जा, आणि सुट्टी मिळाली की घरी ये.

तो आला तो पुढच्या थंडीत, आणि विमानानं आला. होटगीच्या रस्त्याला एका सपाट माळावर उतरायची परवानगी त्यानं काढली होती. आम्ही सगळे सकाळपासून तिथं होतो. विमान टेकलं, थांबलं, तो खाली उतरला आणि आईच्या पाया पडला. काकूंनी त्याच्या चेहऱ्यावरचं तेल पदरानं पुसलं. मग तो नकाशेवाल्यांकडे वळला.

"चला, तुम्हाला नेतो. या विमानाला माझ्यानंतर तुम्हीच ओळखता."

"इल्ला," नकाशेवाले म्हणाले. "मला बाहेरूनच कळतं."

"मग मी बसते," काकू म्हणाल्या.

काकूंनी पदर खोचला, वैमानिकांची कानटोपीसारखी चामड्याची टोपी अंबाड्यावरून कशीबशी ओढून घेतली आणि मुलाच्या हाताला धरून पुढच्या जागेत जाऊन बसल्या. पंखा फिरला, धूळ उडाली, विमान माळावरून धावत गेलं आणि उचललं गेलं.

मला वाटलं, नकाशेवाले आता डोळ्यांत प्राण आणून बघत असतील. वळून पाहतो तर ते विमानाकडे पाठ करून उभे होते.

"बघत नाही?"

त्यांनी मान हलवली आणि माझ्या कोटाची बाही धरली. "तुमच्या काकू आत आहेत," ते म्हणाले.

"हो."

"तीन महिने मी त्याच्यावर काम केलं. आत माणूस बसतो हे काय मला ठाऊक नव्हतं? पण असं..." बाही ओढून म्हणाले, "कुठं आहे आता, सांगा."

मी सांगत राहिलो. तळ्याच्या बाजूला गेलंय. वळतंय. गिरण्यांच्या धुराड्यांच्या वरून येतंय. बरंच खाली आलंय. ते डोळे मिटून ऐकत होते. चाकं टेकली म्हणालो तेव्हा त्यांनी बाही सोडली.

काकू खाली उतरल्या. टोपी काढल्यावर केस विस्कटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टर, शेजारपाजारचे, सगळे पुढं झाले. काकू त्यांच्यातून वाट काढत सरळ आमच्याकडे आल्या.

"वर इतका वारा असतो," त्या नकाशेवाल्यांना म्हणाल्या, "हे तुम्ही सांगितलं नाहीत."

नकाशेवाल्यांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.